पुंगळीचं फुगलेलं बूड

मागच्या पोस्टमध्ये ट्रॅप शूटिंगबद्दल (हवेत उडवलेल्या मातीच्या बशा बंदुकीने फोडायचा खेळ) लिहिलं तेव्हा दोघातिघांनी विचारलं की काडतुसं घरी भरता म्हणजे नक्की काय करता, आणि एकाने तर थेट विचारलं की हे कायद्यात बसतं का. तर आधी तेच सांगून टाकतो. मी ओहायोत राहतो, डेटनच्या जवळ, आणि इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही. भारतात लागतं, शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दारूगोळा बनवणं हे परवान्याचं काम आहे, त्यामुळे गावाकडे कुणी हे वाचून उद्योग करायला जाऊ नका. आणि इथेही एच-वन-बी वर असताना बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो, हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत पण मी त्या भानगडीत पडलोच नाही, ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत गप्प बसलो. ग्रीन कार्डाची लाईन किती लांब असते ते आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता मूळ विषय. काडतूस उडालं की त्याची पुंगळी उरते. प्लास्टिकची नळी आणि बुडाला पितळी टोपी. ही पुंगळी परत वापरता येते, एकदा नाही, चांगली असली तर बऱ्याच वेळा. जुना प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी छोटी टोपी) काढायचा, नवा बसवायचा, दारू, मग वॅड (दारू आणि छर्रे ह्यांच्या मधलं बूच), मग छर्रे, आणि तोंड परत मुडपून बंद करायचं. तोंड बंद करायला सहा किंवा आठ चुण्या पडतात, बायको पहिल्यांदा बघून म्हणाली हे तर मोदकाला मुखऱ्या पाडल्यासारखं आहे, आणि खरंच तसंच आहे, फरक एवढाच की इथे नाक वर काढायचं नाही, आत दाबायचं.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे जिच्याकडे नवीन माणूस लक्षच देत नाही, आणि मी पण दिलं नव्हतं. रिसायझिंग. म्हणजे पुंगळीचं फुगलेलं बूड परत मापात आणणं.

ते फुगतं का ते आधी सांगतो. आपल्याकडे ज्याला बारा बोर म्हणतात त्यालाच इथे ट्वेल्व गेज म्हणतात. १ पौंड शिशाचे सारखे १२ गोळे केले तर एका गोळ्याचा जो व्यास येईल तो बंदुकीच्या नळीचा व्यास, म्हणजे ०.७२९ इंच, साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढला की बोर लहान, वीस बोर बारापेक्षा बारीक. लहानपणी कोकणात आजोबांची शेती संरक्षण परवान्याची बारा बोर होती, रानडुकरांसाठी, तेव्हा मला वाटायचं बारा म्हणजे बारा गोळ्या सुटतात. असो. ह्या १२ गेजच्या पावणेतीन इंची काडतुसाला दाबाची जी वरची मर्यादा ठरवलेली आहे ती आहे ११,५०० पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज करा. बार उडतो त्या क्षणी पुंगळी चारी बाजूंनी चेंबरच्या, म्हणजे बंदुकीच्या नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, भिंतीला जाऊन चिकटते. मग दाब उतरतो. प्लास्टिक लवचिक, ते बरंचसं परत येतं. धातूचं बूड मात्र थोडं परत येतं आणि थोडं तसंच फुगलेलं राहतं. ज्यांनी शीट मेटलमध्ये काम केलंय त्यांना कळलं असेल, हे आपलं स्प्रिंगबॅकच आहे, पट्टी ९० ला वाकवली की ८८ ला येऊन थांबते तो प्रकार.

म्हणजे प्रत्येक पुंगळी ज्या बंदुकीत उडाली त्या बंदुकीच्या चेंबरचं माप बुडावर घेऊन बाहेर येते. तीच पुंगळी त्याच बंदुकीत परत घातली तर बहुतेक वेळा जाते. पण चेंबर काही सगळ्यांचे एकसारखे नसतात, कुणाचा टोलरन्सच्या (मापात चालणाऱ्या फरकाच्या) वरच्या टोकाला, कुणाचा खालच्या. ढिल्या चेंबरची पुंगळी घट्ट चेंबरच्या बंदुकीत गेली की अडकणार. आणि क्लबात पुंगळ्या कुठल्या मिळतात? बादलीतल्या. कुणाच्या बंदुकीतून आल्या कुणास ठाऊक.

माझ्याबाबतीत हेच झालं.

क्लबात एक आजोबा आहेत, म्हणजे मी त्यांना मनात आजोबा म्हणतो, तोंडावर नावानेच हाक मारावी लागते, इथली पद्धत, माझी जीभ अजून अडखळते. व्हँडेलियाला जेव्हा ग्रँड अमेरिकन भरायची तेव्हापासूनचे ते शूटर. ही ट्रॅपची सगळ्यात मोठी जत्रा, डेटनच्या विमानतळाला लागून मैदान होतं, २००५ ला शेवटची झाली आणि २००६ पासून ती इलिनॉयला स्पार्टा गावी गेली, आजोबांना ते अजून पटलेलं नाही. त्यांनी त्यांचं एक जुनं सिंगल स्टेज प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं हाताने चालवायचं यंत्र, मला जवळजवळ फुकटात दिलं. एक हँडल, पाच ठिकाणं, पुंगळी हाताने एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकवायची. पहिल्याच ठिकाणी हँडल खाली ओढलं की बूड दाबून मापात आणणारी रिंग बुडावर चढते आणि त्याच ओढीत जुना प्रायमर खाली पडतो. म्हणजे रिसायझिंग आपोआपच होतं असं मी गृहीत धरलं.

प्रेस मी गॅरेजमधल्या एका घडीच्या टेबलावर बसवलं. वर पार्टिकल बोर्ड, खाली पत्र्याचे पाय. (हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.)

बादलीतून दोनशे पुंगळ्या आणल्या, दोन शनिवार घालवून भरल्या, इतका खूष की सगळ्यांना फोटो पाठवले, पुण्याच्या भावाला पण, त्याचा रिप्लाय आला "तू इंजिनियर झालास की दरोडेखोर." रविवारी क्लबात गेलो. ट्रॅपचा एक राऊंड २५ पक्ष्यांचा, पक्षी म्हणजे मातीची बशी. माझी सेमी-ऑटो आहे, पुढचं काडतूस आपोआप आत घेणारी. तिसऱ्या का चौथ्या बारानंतर बोल्ट, म्हणजे काडतूस मागून आत ढकलणारा सरकता भाग, पूर्ण पुढे गेलाच नाही. काडतूस अर्धं आत, अर्धं बाहेर. ते काढलं, दुसरं घातलं, चाललं. मग परत अडकलं. स्क्वाडमधली बाकीची चार माणसं शांतपणे उभी, कुणी काही बोललं नाही आणि तेच जास्त लागतं. आपल्याकडे निदान कुणीतरी "काय राव" तरी म्हटलं असतं. दुसरा राऊंड अर्धवट सोडून मी बाजूला झालो.

आजोबांची ओव्हर-अंडर आहे, एकावर एक दोन नळ्यांची, मोडून उघडायची. त्यात हाताच्या अंगठ्याने काडतूस ढकलता येतं आणि बंद करताना बंदुकीचाच रेटा मिळतो, त्यामुळे जरा जाड बूडही जिरून जातं. सेमी-ऑटोत तसं नाही, बोल्ट स्प्रिंगच्या जोरावर जेवढा पुढे जाईल तेवढाच. माझी काडतुसं त्यांनी आपल्या बंदुकीत घालून मात्र बघितली नाहीत. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही हा इथला अलिखित नियम, आणि बरोबरच आहे तो, आत काय भरलंय ते भरणाऱ्यालाच माहीत. त्यांनी फक्त एक काडतूस हातात घेतलं, बुडाच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, घरी जाऊन बंदुकीची नळी सुटी कर आणि त्यात टाकून बघ.

ही युक्ती सोपी आहे आणि फार कामाची आहे. बंदूक रिकामी करून नळी सुटी करायची, नुसती नळी, तिला फायरिंग पिनच (प्रायमरवर आपटणारी सुई) नाही, आणि तिच्या चेंबरमध्ये काडतूस सोडायचं. टप्पकन आत बसलं आणि उलटं केल्यावर स्वतःच्या वजनाने बाहेर पडलं तर पास. बोट लावून दाबावं लागलं तर नापास. आमच्या भोसरीच्या कारखान्यातल्या दिवसांत पार्ट मापात आहे का ते बघायच्या ज्या गेजला गो-नोगो म्हणायचो तेच, फक्त इथे गेज म्हणजे तुमचीच बंदूक, आणि ह्याहून खरं गेज दुसरं कुठलं असणार.

दोनशेतली बत्तीस उडवून झाली होती. उरलेल्या एकशे अडुसष्टपैकी एकसष्ट नापास.

आता पुढचा प्रश्न, अडकतंय नेमकं कुठे? कारण काडतूस आत न जाण्याची कारणं एकाहून जास्त असतात. तोंड मुडपताना जोर जास्त झाला तर वरच्या खांद्याशी प्लास्टिक फुगतं, ते अडकू शकतं. प्रायमर पूर्ण बसला नाही तर तो मागे टेकतो. कड वाकडी असली तर ती. बऱ्याच जणांचं बघितलंय, काडतूस अडकलं की लगेच रिसायझिंगला दोष आणि दोन दिवस डायशी, म्हणजे त्या रिंगशी, झटापट, आणि प्रॉब्लेम असतो क्रिंपमध्ये, म्हणजे मुडपलेल्या तोंडात. टूलरूममध्ये आम्ही दोन पार्ट कुठे लागतायत ते बघायला मार्किंग ब्लू लावायचो. इथे मुलीचा काळा मार्कर घेतला, नापास काडतुसांना बुडापासून तोंडापर्यंत रंगवलं, नळीत टाकलं, जरा फिरवलं, काढलं. जिथे घासलं तिथला रंग गेला. सगळ्यांवर खूण एकाच ठिकाणी. कडेच्या अगदी लगत वर, दोन-तीन मिलिमीटरचा पट्टा. त्याच्या वर धातू मस्त मापात, प्लास्टिक मापात, तोंड मापात. फक्त तो पट्टा जाड.

म्हणजे रिंग चढत होती पण शेवटपर्यंत चढत नव्हती.

ह्याचा उलगडा व्हायला मला लाज वाटेल इतका वेळ लागला. व्हर्नियर घेऊन रिंग मोजली, ठीक. हँडलची लिंक बघितली, ठीक. शेवटी मुलगी शेजारी उभी होती ती म्हणाली बाबा टेबल हलतंय. हँडल पूर्ण खाली ओढलं की शेवटच्या जोराला तो पार्टिकल बोर्ड खाली वाकत होता. म्हणजे माझा हात खाली टेकायचा, मला वाटायचं स्ट्रोक झाला, पण त्यातले शेवटचे दोन मिलिमीटर टेबल खात होतं. आमचे फोरमन म्हणायचे मशीनला शिव्या द्यायच्या आधी फाउंडेशन बघ, वीस वर्षांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये तेच विसरलो.

आणि सगळ्याच पुंगळ्या नापास का नाही झाल्या? तर हे बघायला फ्रिजवरचं मॅग्नेट आणलं. बूड दिसायला सगळ्यांचं पिवळं, पण कित्येकांचं खरं पितळ नसतं, स्टील असतं, वर नुसता पितळी मुलामा. एकसष्टपैकी बहुतेक सगळ्यांना मॅग्नेट चिकटलं. पितळाचा गुण असा की ताण गेल्यावर ते स्टीलपेक्षा जास्त मागे येतं, म्हणून तर काडतुसांना पिढ्यान् पिढ्या पितळच वापरत आले. स्टीलचं बूड चेंबरभर फुगलं की बऱ्यापैकी तिथेच राहतं आणि परत दाबायला जोर पण जास्त लागतो. जोर जास्त लागला की टेबल जास्त वाकणार. सगळा हिशोब जुळला. ह्याचा अर्थ स्टीलच्या पुंगळ्या वाईट असा नाही हां, रेमिंग्टनची गन क्लब स्टीलच्या बुडाची आहे आणि कित्येक लोक तीच आनंदाने भरतात. विंचेस्टरची डबल ए आणि रेमिंग्टनची एसटीएस ह्यांना जास्त भाव, बादलीत दिसल्या की लोक वाकून उचलतात, मीही.

नापास काडतुसांचं काय केलं? भरलेलं काडतूस परत डायमध्ये घालून दाबायचं नाही. आत जिवंत प्रायमर आहे, दारू आहे, त्याच्यावर प्रेस चालवायचं म्हणजे सुतळी बॉम्बवर हातोडी ठेवण्यासारखं. एकसष्टच्या एकसष्ट धारदार कटरने तोंडाकडून कापली, छर्रे एका डब्यात, वॅड एकीकडे, दारू वेगळी करून टाकून दिली, परत डब्यात ओतली नाही. कारण एकदा बाहेर पडलेल्या दारूबद्दल शंभर टक्के खात्री देता येत नाही आणि दोन प्रकारच्या दारू चुकून एकत्र झाल्या तर काय होईल ते बघायची मला हौस नाही. बायको दारात येऊन म्हणाली, इतकं मन लावून घरात कधी भेंडी चिरली नाहीस.

मग टेबल बदललं. दोन इंची लाकडी फळी, भिंतीला लॅग बोल्टने ठोकलेली, प्रेस आरपार बोल्ट करून खाली मोठे वॉशर. तेच प्रेस, तीच रिंग, तशाच स्टीलच्या पुंगळ्या. पन्नास केल्या, नळीत टाकून बघितल्या, एक नापास. ती एक बघितली तर तिची कडच वाकलेली होती.

तरीही वर्षभराने मी कोलेटवालं मशीन घेतलंच. विस्कॉन्सिनमध्ये मेव्हिल नावाचं गाव आहे, तिथल्या मेव्हिल इंजिनियरिंग कंपनीची मशीनं इकडे घरोघरी, सगळे नुसतं मेक म्हणतात. त्यांच्या साईझमास्टरमध्ये रिंगच्या ऐवजी कोलेट आहे. फरक कसा समजावू? रिंग म्हणजे बांगडी भरण्यासारखं, घट्ट बांगडी हातावरून ओढून सरकवायची, घासत जाणार, जोर लागणार, आणि मनगटापर्यंत नेली तरच उपयोग. कोलेट म्हणजे मुठीत धरून आवळणं. पोलादी बोटं असतात गोल मांडलेली, पुंगळीचं बूड त्यात उभं करायचं, हँडल ओढलं की बोटं चारी बाजूंनी एकदम आवळतात आणि सोडलं की उघडतात. ज्यांनी ट्रॉब मशीनवर (ऑटोमॅटिक लेथ) काम केलंय त्यांना कोलेट काय ते सांगायला नको, तेच तत्त्व. ह्यात घासाघीस नाही, कडेच्या अगदी लगतचा पट्टाही धरला जातो. जो पट्टा मला नडला होता तोच.

आजोबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात चाळीस वर्षं रिंगवर भरली, काही अडलं नाही. पण त्यांची बंदूक एकच, पुंगळ्या स्वतःच्याच, ब्रँड एकच, आणि ओव्हर-अंडर. त्यांना रिंग पुरेशी आहे, खरं म्हणजे त्यांना त्याहून कमी पण पुरलं असतं. माझ्यासारखा बादलीतून वेचणारा आणि सेमी-ऑटोवाला असेल तर मी कोलेटच सांगेन. कुठलं मशीन चांगलं हा वाद घालण्याआधी पुंगळी कुठून आली आणि जाणार कुठल्या बंदुकीत हे विचारलं पाहिजे, ते कुणी विचारत नाही.

आता माझी पद्धत झालीये ती अशी की रिसायझिंग आणि भरणं एका बैठकीत करतच नाही. एक दिवस नुसती बुडं. आधी तोंडं बघायची, चीर गेली असेल तर टाकून द्यायची, बहुतेक पुंगळ्या बूड जायच्या आधी तोंडालाच जातात. आत बोटभर टॉर्च मारून बघायचं, पाण्याचा थेंब, चिखल, एकदा आत कोळी निघाला. ब्रँडप्रमाणे ढीग लावायचे, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्या आतून वेगळ्या असतात, पोकळी कमीजास्त, आणि एकीसाठी छापलेलं प्रमाण दुसरीत चालत नाही. मग कोलेट. मग नळीत टाकून बघणं. सगळ्या नाही, ओळखीचा ढीग असला तर दहातली एक, बादलीतला असला तर प्रत्येक. प्रायमर बसवायच्या आधी बघितलं की नापास झाली तरी नुकसान काही नाही, परत दाबायची किंवा टाकायची. पास झालेल्या पत्र्याच्या डब्यात, वर तारीख. जुन्या प्रायमरची जी काळी भुकटी खाली पडते त्यात शिसं असतं, त्यामुळे गॅरेजचं दार उघडं, चहाचा कप आत नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय घरात प्रवेश नाही. हा शेवटचा नियम माझा नाही, गृहखात्याचा आहे.

प्रायमरवरून आठवलं, रिसायझिंग करताना प्रायमरच्या भोकाकडे पण बघा. आधी चेडाइट कंपनीचा प्रायमर बसलेला असेल तर तो किंचित जाड असतो, भोक मोठं होऊन राहतं आणि मग दुसऱ्या कंपनीचा २०९ (ह्या काडतुसांच्या प्रायमरचा ठरलेला नंबर) त्यात सैल बसतो. बूड कितीही मापात आणा, प्रायमर अंगठ्याने ढकलून आत जात असेल तर ती पुंगळी केराची.

पैसे वाचतात का, हे पण विचारलं होतं. २५ पौंडाची छर्ऱ्यांची पिशवी मिळते, १ औंसाची काडतुसं केली तर बरोबर ४०० होतात, पुढचा हिशोब ज्याने त्याने आपल्या गावच्या भावाने करावा. टेबल, मशीन, फळी, वॉशर धरले तर माझे अजून वसूल व्हायचेत. आणि वेळ तर मोजतच नाही.

कोकणातल्या आजोबांचे ते बारा बोरचे दिवस आठवतात कधी कधी हे करताना. खडकीच्या फॅक्टरीतली शक्तिमान छापाची काडतुसं, मोजून आणलेली, पत्र्याच्या डब्यात फडक्यात गुंडाळून माळ्यावर. त्याआधीची कागदी नळीची पण त्यांनी वापरलेली, पावसाळ्यात ती ओल धरून अशी फुगायची की बंदुकीत जाईनात, मग चुलीच्या वर शिंकाळ्यात ठेवायचे, आजी ओरडायची. चुलीच्या वर काडतुसं! आज ऐकून घाम फुटतो. प्लास्टिकची पुंगळी रेमिंग्टनने १९६० मध्ये बाजारात आणली आणि तेव्हापासून नळी फुगायचा प्रश्न संपला, राहिलं ते बूड.

क्लबातल्या आजोबांचे डोळे आता साथ देत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी म्हणतात पक्षी दोन दिसतात आणि मी मधल्यावर मारतो. मागच्या महिन्यात त्यांनी तीन बादल्या माझ्या गाडीत आणून ठेवल्या. सगळ्या डबल ए, सगळ्या त्यांच्या एकाच बंदुकीतल्या, प्रत्येक बादलीवर मार्करने लिहिलेलं, एकदा उडालेल्या, दोनदा, तीनदा. पहिल्या बादलीतली मूठभर काढून सवयीने नळीत टाकून बघितली. रिसाईझ न करताच टप्पकन आत गेली. तरी कोलेटमधून काढतोय एकेक. दुसरी बादली निम्मी झालीये.